चित्राला ‘कसं दिसतंय?’ विचारू नये

मला एक सांगा. तुम्ही कानातलं घ्यायला गेलात, एक जोडी लावून बघितलीत. आता विश्वास कुणावर ठेवणार? आरशावर? सोबत आलेल्या मैत्रिणीवर? की समोर उभ्या असलेल्या विकणारीवर?

उत्तराची घाई करू नका. या एका प्रश्नावर माझं अख्खं दुकान चाललंय!

दुकान डिलाईल रोडला आहे, दोन चाळींच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी. बांगड्या, पिना, क्लिपा, कानातली. धंदा मला कुणी शिकवला नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बघत शिकले. आणि वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, मी दादरला एक हॉल भाड्याने घेते आणि आपल्या भागातल्या डिझायनर बायकांना जमवून सेल लावते. कुणी कापडाचे दागिने करते, कुणी पितळेचे, कुणी पर्स, कुणी अंबाड्यात खोचायच्या नक्षीदार काड्या. सगळ्या मला ‘वैनी’ म्हणतात. काही माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, त्यासुद्धा!

सेल संपला की टेबलं दुमडून हॉलवाल्याकडे परत जातात, उरलेला माल पेट्यांत जातो. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. दर सेलला दोन-चार वाढतात, त्यांना जागा लागत नाही, भाडं पडत नाही. आणि माझ्या दुकानात आलेल्या माणसाला माल घेतला नाही तरी चालतं, पण किस्सा ऐकल्याशिवाय जाता येत नाही. तर ऐका.

* * *

पहिल्या सेलला मी हॉलवाल्याचाच आरसा वापरला. एका बाजूने हिरवट, दुसऱ्या बाजूने लांबट. बाई त्यात बघायची, कानातलं खाली ठेवायची आणि थेट दाराकडे! दुपार झाली तरी भवानी नाही. म्हणजे पहिला रुपयासुद्धा आलेला नाही!

मी तडक टॅक्सी केली आणि दुकानातला माझा आरसा उचलून आणला. हा आरसा जरा मागे कलता ठेवला की मान लांब दिसते. वर पिवळा दिवा सोडला की दमलेला चेहरासुद्धा झोप काढून आल्यासारखा दिसतो. यात फसवणूक काही नाही. देवापुढे आपण समई लावतो, ट्यूबलाइट लावतो का?

संध्याकाळी परळहून एक बाई आल्या. झुमके लावले आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मागे रांग लागली तरी हलेनात. मी मनात म्हटलं, गेले झुमके!

“किती?” त्यांनी विचारलं.

“तीनशे.”

“झुमक्यांचं नाही हो. आरशाचं विचारतेय.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण बाई गंभीर होत्या. म्हणाल्या, “घरच्या आरशात मी अशी दिसतच नाही.”

“मग? विकलात?” असं सगळ्या विचारतात. म्हणजे काय! विकला! दिव्यासकट विकला! वर्तमानपत्रात गुंडाळून टॅक्सीपर्यंत पोचवला. टॅक्सीत बसताना मी त्यांना म्हटलं, “ताई, ते झुमके राहिले.”

बाई हसल्या. “आता त्यांची काय गरज?”

* * *

आमच्या सेलची तोफ म्हणजे हेमांगी. राहायला काळाचौकीला. गणपती गेले की मंडळाच्या सजावटीतली उरलेली मखमल, साटीन, जरीच्या पट्ट्या ही घरी आणते आणि त्याचे गळ्यातले हार करते. हात असा की बघत राहावं. आणि जीभ अशी की ऐकत राहावं! गिऱ्हाइकाला सांगते, “ताई, गेल्या वर्षी हा राजवाड्याचा पडदा होता. यंदा तुमच्या गळ्यात येतोय. नशीब लागतं!”

आणि तिचं ठरलेलं वाक्य: “हा एकच पीस आहे हं. तुम्हाला बघूनच बाहेर काढला.”

एकदा सकाळी लालबागच्या एक बाई आल्या आणि मोरपिशी मखमलीचा तो ‘एकच पीस’ गळ्यात घालूनच घरी गेल्या. संध्याकाळी दुसऱ्या एक आल्या. त्यांनीही तोच ‘एकच पीस’ नेला. पेटीत अजून सहा होते, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी दार उघडतो तर दोघी दारात उभ्या! एकमेकींकडे पाठ, गळ्यात तोच मोरपिशी हार, आणि दोघींचं तोंड असं लाल! सख्ख्या जावा निघाल्या. एकाच मजल्यावर राहणाऱ्या. आणि बरीच वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या!

“हा एकच पीस होता ना?” थोरली कडाडली.

“मला पण हेच सांगितलं!” धाकटी तिच्यावर कडाडली.

मी पटकन पाणी आणायला निघाले. अशा वेळी मालकिणीने पाणी आणायला जावं, हे मी अनुभवाने शिकलेय. पण हेमांगी जागची हलली नाही. हात जोडून म्हणाली, “अगं बायांनो, मला काय स्वप्न पडलं होतं तुम्ही एका घरच्या म्हणून? पण आवड बघा कशी, सख्ख्या बहिणींची नसेल अशी एकसारखी!”

“आम्ही बोलत नाही एकमेकींशी!” दोघी एकदम म्हणाल्या.

“मग आता काय करताय?”

मग धाकटीला हसू फुटलं, तिच्या मागोमाग थोरलीला. जाताना दोघी तिसरा हार घेऊन गेल्या, नणंदेला!

हेमांगी माझ्याकडे वळली. “वैनी, पुढच्या वेळेपासून पत्ता विचारूनच विकते.”

* * *

आणि आता चित्रा. बाकीचे किस्से एकीकडे आणि चित्रा एकीकडे.

गिरगावातली. सासऱ्यांचं तिथेच टॅक्स भरून देण्याचं ऑफिस आहे, जुनं, नावाजलेलं. चित्रा बीकॉम, त्यामुळे लग्न झाल्यावर त्याच ऑफिसात एका खुर्चीवर बसायला लागली. बसल्या बसल्या टाचण्या, क्लिपा वाकवून कागदावर आकार मांडायची. मग पितळेची तार आणली, मग छोटी हातोडी, आणि एके दिवशी सासऱ्यांना सांगून टाकलं, “अण्णा, मला कानातली करायची आहेत.”

अण्णा वाईट माणूस नव्हेत. ते म्हणाले, “कर. दिवाळीच्या सेलपर्यंत कर. तेव्हाचा हिशेब मला आणून दाखव. धंदा उभा राहतोय असं दिसलं तर पुढे चालू. नाहीतर सोमवारपासून खुर्चीवर. तोवर मी दुसऱ्या कुणाला बसवत नाही तिथे.”

“आणि सासूबाई काय म्हणतात?” मी विचारलं.

“आई काही म्हणत नाहीत,” चित्रा म्हणाली. “त्या कशालाच काही म्हणत नाहीत.”

म्हणजे पोरीच्या हातात दोनच सेल. एक गणपतीचा, एक दिवाळीचा. माल मी बघितला. वाकलेली पानं, पाण्याच्या थेंबासारखे डूल, हलकी, नाजूक. मी मनात म्हटलं, हिला काय भीती? हिचं टेबल दुपारपर्यंत रिकामं!

गणपतीच्या सेलचा पहिला तास. एक बाई आल्या. गोल चेहरा, हसऱ्या. चित्राच्या टेबलावरची सगळ्यात मोठी, सगळ्यात महाग जोडी उचलली, कानात घातली, एका हातात फोन काढून स्कॅन करायला तयार! आणि सहज म्हणून विचारलं, “कसं दिसतंय?”

चित्राने नीट बघितलं. “नाही बरं दिसत.”

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

“म्हणजे?” बाई म्हणाल्या.

“तुमचा चेहरा गोल आहे, हे पण गोल आहे. अजून गोल दिसतं.”

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला, कानातलं टेबलावर ठेवलं आणि गेल्या. मी धावत चित्राजवळ गेले.

“चित्रा! अगं, ती विचारत नव्हती, ती विकत घेत होती!”

“मग विचारलं कशाला, वैनी?”



* * *

आमच्या सेलला एक पद्धत आहे. मीच पाडलेली. जेवायच्या सुट्टीत प्रत्येकीचं टेबल शेजारणीने सांभाळायचं. कारण सोपं आहे. आपल्या मालाचं कौतुक करताना आपली जीभ अडखळते. शेजारणीची कशाला अडखळेल? किती तरी डिझायनरांचा सगळा धंदा त्या जेवणाच्या अर्ध्या तासात झालाय. एक तर मुद्दाम दोनदा जेवायची!

मी चित्राचं टेबल हेमांगीच्या शेजारी लावलं. म्हटलं, हिच्या जिभेचा गुण तिला लागू दे.

चित्रा डबा घेऊन आत गेली. हेमांगी तिच्या टेबलावर सरकली आणि सुरू! “या ताई, हाताने ठोकलेलं आहे, मशीनचं नाही. गिरगावातलं घराणं आहे!” एक गृहस्थ फक्त बाथरूम कुठे आहे विचारायला आले होते, ते दोन जोड्या घेऊन गेले. बाथरूमला गेले की नाही, देव जाणे!

चित्रा तोंड पुसत आली. टेबल बघितलं आणि खूश व्हायच्या ऐवजी तिचा चेहराच पडला.

“ते लांब, जड डूल कुठे गेले?”

“विकले!” हेमांगी म्हणाली. “निळ्या साडीतल्या आजी घेऊन गेल्या.”

“त्या आजींच्या कानाच्या पाळ्या बघितल्यात का तुम्ही? आधीच ओघळल्यात. हे घातले तर फाटतील!”

आणि हलक्या डुलांची एक जोडी मुठीत धरून चित्रा हॉलच्या बाहेर! चप्पलसुद्धा नीट घातली नाही. बस स्टॉपवर आजींना गाठलं, जड जोडी परत घेतली, हलकी दिली, वरचे पैसे परत केले. आजींना आधी वाटलं चोर आहे!

हेमांगी कपाळावर हात मारून म्हणाली, “गेलेलं गिऱ्हाईक परत आणणारी खूप बघितली गो. गेलेला माल परत आणणारी हीच!”

आता पुढचं ऐका. मग हेमांगी जेवायला गेली आणि तिचं टेबल चित्राकडे आलं. मी डोळे मिटून घेतले. एका मुलीने जांभळा हार उचलला. “हा किती टिकेल हो?”

“घाम लागला की रंग जाईल,” चित्रा म्हणाली. “फार तर गणपती उठेपर्यंत.”

“अय्या, मग बेस्ट!” मुलगी म्हणाली. “मला गणपतीतच घालायचाय!” आणि मागे वळून ओरडली, “ए, इकडे या गं, इथे खरं सांगतात!”

पाच जणी आल्या. पाच हार गेले. हेमांगी जेवून आली आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“काय सांगितलंस यांना?”

“रंग जाईल म्हणून.”

“आणि तरी घेतले?” हेमांगीने स्टूल ओढलं आणि खाली बसली. “एवढी वर्षं मी उगाच घसा फोडला!”

पण चित्राच्या स्वतःच्या टेबलाचं काय? गणपतीचा सेल संपला तेव्हा तिची पेटी आणली होती तशीच जवळपास परत भरली गेली. एक सेल गेला होता, एकच उरला होता.

* * *

दिवाळीच्या सेलची तयारी म्हणून मी घाऊक बाजारात गेले. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने आतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. “वैनी, एकदम नवीन डिझाइन. लोकल डिझायनरचं आहे. तुम्हाला डझनाच्या भावात!”

बघते तर चित्राचं वाकलेलं पान! जसंच्या तसं, फक्त पत्रा पातळ. गणपतीच्या सेलमध्ये एक बाई सारखे फोटो काढत होत्या, “मैत्रिणीला पाठवते” म्हणत. मैत्रीण बरीच लांबपर्यंत पोचलेली दिसली!

मी एक जोडी विकत घेतली आणि दादरला हेमांगी आणि चित्रा दोघींना बोलावून दाखवली. हेमांगी पेटली. “नाव सांगा त्या मेल्याचं! मंडळाची पोरं घेऊन जाते! खोक्यासकट आणते त्याला!”

चित्राने जोडी उजेडात धरली, उलटी केली, हुक उघडला, मिटला, परत उघडला. आम्हाला वाटलं, आता रडते.

“वैनी,” ती म्हणाली, “पानाची वाट लावलीय. पण हुक माझ्यापेक्षा चांगला लावलाय हं. केसात अडकणार नाही.”

हेमांगीने माझ्याकडे बघितलं, मी हेमांगीकडे.

दिवाळीच्या सेलला चित्राच्या सगळ्या जोड्यांना तो हुक होता. मी त्या व्यापाऱ्याला भेटून बजावून आले, “पान परत दिसलं तर सगळ्या बाजारात तुझी बदनामी करीन. आणि हुक कुठून आणतोस ते सांग!”

घाबरला बिचारा. दोन्ही ऐकलं.

* * *

दिवाळीचा सेल उघडला. पहिल्या दिवशी करी रोडच्या टॉवरमधून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात ऑफिसची बॅग, चेहऱ्यावर घाम. बायकांच्या हॉलमध्ये एकटा पुरुष आला की असाच दिसतो.

“मिसेसला सरप्राइज द्यायचंय,” ते चित्राला म्हणाले. “काहीही द्या.”

“काहीही कसं? चेहरा कसा आहे?”

“चांगला आहे.”

“लांब की गोल?”

गृहस्थांनी छताकडे बघितलं. “मध्यम.”

“बरं. कानाला भोकं किती आहेत? एक की दोन?”

बाजूला जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला. हॉलमध्ये गोंगाट, म्हणून स्पीकरवर टाकला. “अगं, एक विचारायचं होतं. तुझ्या कानाला भोकं किती आहेत?”

पलीकडून आवाज आला, “पोरगं दहावीला गेलं! आत्ता बघतोयस?”

सगळा हॉल खदखदला. गृहस्थ म्हणाले, “द्या हो, कुठलंही द्या, मी निघतो.”

दुसरी कुणी असती तर महागातली जोडी गळ्यात मारली असती. मीसुद्धा मारली असती! पण चित्रा म्हणाली, “नाही देणार. आज घरी जा, नीट बघा आणि उद्या या.”

“उद्या कसले येतात!” हेमांगी पुटपुटली.

आले! दुसऱ्या दिवशी दार उघडताच आले. “एकच भोक आहे. चेहरा लांबट. आणि डाव्या कानामागे एक तीळ आहे,” एका दमात सांगितलं.

“तिळाचं मला काय काम?” चित्रा म्हणाली.

गृहस्थ लाजले. “नाही, मला माहीत नव्हता, म्हणून सांगितलं.”

* * *

अशी गिऱ्हाइकं गोड, पण त्यांनी टेबल रिकामं होत नाही. सेलचे दोन दिवस संपले. चित्राचा खप गणपतीपेक्षा बरा होता, खोटं कशाला बोलू? पण अण्णांनी चष्मा लावून बघितल्यावर ‘धंदा’ म्हणतील एवढा नव्हता. उरला होता एकच दिवस.

हेमांगी मला कोपऱ्यात घेऊन गेली. “वैनी, मी सोय केलीय. माझी मावशी आणि मंडळातल्या दोघी सकाळी येतायत. पैसे माझे. तिच्याकडून भरपूर घेतील. सासऱ्यांचा कागद भरला की झालं! ती मला गिऱ्हाइकं देते, मी तिला देते. तिला सांगू नका.”

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. सहावारी साडी, हातात हेमांगीने दिलेले पैसे, चेहऱ्यावर ‘मी तुला ओळखत नाही’ असा भाव. चित्राच्या टेबलावरची पहिली जोडी उचलली. “ही दे गो.”

“लावून तर बघा,” चित्रा म्हणाली.

मावशींनी लावली.

“नको, आजी. तुमच्या नाकात मोठी चमकी आहे. दोन्ही भांडतात.”

“मग ही दे.”

“ही कॉलेजच्या मुलींची आहे.”

“मग ती?”

“ती तुम्हाला जड होईल.”

मावशी तरातरा हेमांगीच्या टेबलाजवळ आल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “गो हेमांगी, तू घेवक सांगितलंस, पण ही बाय माका घेवकच देत नाय!”

संपलं! हेमांगीने तोंड लपवलं. चित्राने आधी मावशींकडे बघितलं, मग हेमांगीकडे. काय ते समजली.

“हेमांगीताई, हे नका करू,” ती शांतपणे म्हणाली. “माझं मला कळलं पाहिजे, लोक खरंच घेतात का.”

मागोमाग आलेल्या मंडळातल्या एकीने पैसे गुपचूप हेमांगीला परत केले. दुसरी मात्र थांबली. तिने एक डुलांची जोडी लावली, आरशात बघितली आणि भीत भीत विचारलं, “हे पण नाही ना शोभत मला?”

चित्रा हसली. दोन्ही सेलमध्ये पहिल्यांदाच अशी हसली. “हे तुमचंच आहे.”

बाईने हेमांगीचे पैसे तिच्या हातात कोंबले आणि आपली पर्स उघडली. “हे मी माझ्याच पैशांनी घेणार!”

* * *

त्याच दिवशी संध्याकाळची गोष्ट. हॉल रिकामा व्हायला लागला होता. चित्राच्या टेबलावर अजून अर्धा माल होता आणि ती एकेक जोडी पुसून पेटीत ठेवायला लागली होती. दारातून एक बाई आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, कानात मोत्यांच्या कुड्या. कुणाच्याच टेबलाशी न थांबता सरळ चित्रापुढे येऊन उभ्या राहिल्या.

चित्राच्या हातातलं फडकं खाली पडलं. “आई? तुम्ही?”

सासूबाई! मी आणि हेमांगी एका जागी खिळलो.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. टेबलावरची सगळ्यात लांब, झगमगती जोडी उचलली. कुड्यांची फिरकी सोडवून त्या रुमालात ठेवल्या आणि ती जोडी कानात घातली. आरशात बघितलं. मान जराशी वळवली.

“छान दिसतंय हो काकू!” हेमांगीला राहवलं नाही. “दहा वर्षांनी लहान!”

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. सुनेला विचारलं, “कसं दिसतंय?”

हेमांगीने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मी मनातल्या मनात ओरडत होते, चित्रा, आज एक दिवस, फक्त एक दिवस, छान म्हण!

चित्राने सासूबाईंकडे बघितलं. चांगला वेळ घेऊन बघितलं.

“नको, आई. तुमचा चेहरा लहान आहे. आधी कानातलं दिसतं, तुम्ही नंतर दिसता.”

सासूबाईंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. “मग दुसरं कुठलं?”

चित्राने टेबलावर हात फिरवला. एक जोडी उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. पेटीत बघितलं.

“यातलं कुठलंच नाही. तुमच्यासाठी वेगळं करावं लागेल. पाळीला धरून बसेल असं, छोटं.”

“किती दिवस लागतील?”

“पंधरा-वीस. पण...”

“पण काय?”

“सोमवारपासून खुर्चीवर बसायचंय ना.”

सासूबाईंनी लांब जोडी काढली, होती तिथेच नीट ठेवली, कुड्या परत कानात घातल्या. मग पिशवीतून छोटी पर्स काढली.

“आगाऊ किती घेतेस?”

“अहो आई, तुमच्याकडून कसले आगाऊ?”

“घेतेस की जाऊ?”

“घे गो बाय!” हेमांगी ओरडली.

चित्राने पैसे घेतले. सासूबाईंनी पिशवी उचलली, पदर सारखा केला.

“ह्यांना मी सांगते, त्या खुर्चीवर आता फायली ठेवा.” दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. “आणि ऐक. सासू म्हणून कमी लावू नकोस, सासू म्हणून जास्तही लावू नकोस. हिशेब खरा लिही.”